नव्या कन्सोलवर निम्मे खूश, निम्मे नाराज. मग आपण कोणाचं ऐकायचं?

(हे उत्तर एप्रिल २०२५ मधलं आहे, निन्टेंडो या जपानी कंपनीचा नवा गेम कन्सोल स्विच २ बाजारात यायच्या आधीचं. भाव आणि तारखा तेव्हाच्या.) अमळनेरजवळच्या एका गावातून एका भाऊंनी विचारलंय: "निन्टेंडो स्विच २ ची घोषणा झाल्यापासून मी रोज रात्री व्हिडिओ बघतोय. निम्मे लोक म्हणतात असं यंत्र आजवर झालं नाही, निम्मे म्हणतात कंपनीने लुटायचंच ठरवलंय. मी मेडिकलवर कामाला आहे, दीड वर्षात ४५ हजार साठवले. खेळणार मी आणि माझी धाकटी बहीण. दुपारी आमच्याकडे लाईट जाते, नेट मोबाईलचंच आहे. मुंबईचा एक दुकानदार ॲडव्हान्स मागतोय. देऊ की थांबू?"

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला आणि सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण गेल्या दहा दिवसांत दुकानात हाच प्रश्न रोज कोणी ना कोणी विचारतंय. माझं जळगावात कन्सोल दुरुस्तीचं आणि जुन्या-नव्या खरेदी-विक्रीचं दुकान आहे. २००५ साली चार टीव्ही आणि चार पीएस टू (सोनीचे प्लेस्टेशन) घेऊन तासावर खेळायचं पार्लर टाकलं होतं. घरोघरी मोबाईल आले तसं पार्लर आटोपलं, दुरुस्ती मात्र राहिली. या वीस वर्षांत बऱ्याच घोषणा बघितल्या, आणि प्रत्येक वेळी लोक असेच दोन तट करून भांडले.

आधी एक गोष्ट वेगळी काढतो. यंत्र चांगलं की वाईट, हे तुम्हाला व्हिडिओंतून कळणार नाही, कारण हे लिहितोय तोवर ते कोणाच्या घरी पोचलेलंच नाही. ५ जून २०२५ ला ते बाजारात येणार आहे. आत्ता जे काही ऐकू येतंय ते यंत्राबद्दल कमी आणि बोलणाऱ्याच्या खिशाबद्दल, त्याच्या घरातल्या जुन्या गेम्सबद्दल, त्याच्या देशाबद्दल जास्त आहे. म्हणून तुम्हाला शोधायचंय ते एवढंच, की या सगळ्या आरडाओरड्यातली नेमकी कोणती तक्रार तुमच्या घरात येऊन बसणार आहे.

आता मुळात झालं काय ते बघू. २ एप्रिल २०२५ ला आपल्या वेळेनुसार संध्याकाळी साडेसहाला निन्टेंडोचा तासाभराचा ऑनलाइन कार्यक्रम होता. माझ्याकडे पाच-सहा पोरं उभी होती, काउंटरवरच्या मॉनिटरवर सगळ्यांनी मिळून बघितला. ७.९ इंचांचा पडदा, हातात १०८० चं चित्र आणि १२० हर्ट्झ, टीव्हीला जोडलं तर ४के. जॉय-कॉन, म्हणजे पडद्याच्या दोन बाजूंचे सुटे होणारे रिमोट, चुंबकाने बसतात, आणि तेच आडवे करून टेबलावर माउससारखे सरकवता येतात. पोरांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमात किंमत मात्र कुठेच सांगितली नाही. ती नंतर कंपनीच्या वेबसाइटवर आली: ४४९.९९ डॉलर, मारिओ कार्ट वर्ल्ड या शर्यतीच्या गेमसकट ४९९.९९, आणि तो गेम सुटा घेतला तर ७९.९९. टाळ्या वाजवणारी तीच पोरं गप्प झाली. दुसऱ्या दिवशी कंपनीने गेम खेळून दाखवायचं थेट प्रक्षेपण ठेवलं, तर चॅटमध्ये 'किंमत कमी करा' याचा नुसता पाऊस.

म्हणजे हे दोन तट वेगवेगळ्या माणसांचे आहेतच असं नाही. पुष्कळदा एकच माणूस आहे. त्याला यंत्र आवडलंय आणि किंमत झोंबलीय. तुम्ही व्हिडिओ बघताना पहिल्यांदा हेच तपासा, की समोरचा नेमका कशावर बोलतोय. यंत्रावर, किमतीवर, की कंपनीच्या वागण्यावर? या तिन्हींना वेगवेगळं वजन द्यावं लागतं.

किमतीवरचा राग आधी घेतो, कारण आवाज त्याचाच मोठा आहे. तो राग खोटा नाही. पहिला स्विच ३ मार्च २०१७ ला २९९.९९ डॉलरला आला होता, हा त्याच्या दीडपट आहे. पण माझ्या अनुभवात घोषणेच्या आठवड्यातला किमतीवरचा राग पुढचं काही सांगत नाही. २००६ मध्ये सोनीने पीएस थ्रीची किंमत ४९९ आणि ५९९ डॉलर सांगितली तेव्हा जगभर हसू झालं होतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं त्यांना जडच गेली, पण २००९ मध्ये त्याचं स्लिम मॉडेल आलं, किंमत २९९ झाली, आणि शेवटी आठ कोटींच्या वर पीएस थ्री विकले गेले. २०१७ च्या जानेवारीत पहिल्या स्विचची किंमत कळली तेव्हाही लोक म्हणत होते की महाग आहे, सोबत गेम मोजकेच आहेत, ऑनलाइनचे वेगळे पैसे कशाला. त्या दिवशी कंपनीचा शेअरसुद्धा पडला होता. आज त्या स्विचची विक्री पंधरा कोटींच्या वर आहे. त्याच कंपनीने २००६ मध्ये आपल्या तेव्हाच्या नव्या कन्सोलचं 'वी' हे नाव जाहीर केलं तेव्हा त्या नावाची किती टिंगल झाली! तो वी दहा कोटींवर गेला.

मला काळजी वाटते ती लोक गोंधळतात तेव्हा. २०११ मध्ये वी यू दाखवला, तेव्हा कित्येकांना हा नवीन कन्सोल आहे की जुन्या वीचा नवीन रिमोट आहे, हेच कळलं नाही. चिडलं कोणी फारसं नाही, पण दुकानात येऊन विचारलंही कोणी नाही. तो जेमतेम १ कोटी ३५ लाखांवर थांबला. स्विच २ चं तसं नाही. चिडलेल्यालासुद्धा हे यंत्र काय आहे ते पक्कं कळलंय. चिडलेला माणूस अजून गिऱ्हाईक असतो, हे मी काउंटरवर उभं राहून शिकलोय. ज्याला घ्यायचंच नाही तो भाव ऐकून गुपचूप निघून जातो.

पण भाऊ, डॉलरमधल्या रागाचा आपल्याशी संबंध किती? अमेरिकेत त्याच २ एप्रिलला नव्या आयातशुल्काची घोषणा झाली, आणि दोन दिवसांत कंपनीने तिथलं ९ तारखेचं प्री-बुकिंग पुढे ढकललं. तिथल्या माणसाची चिडचिड आणि धास्ती त्या घडामोडींत मिसळलेली आहे. आपलं गणित निराळं आहे. निन्टेंडो भारतात अधिकृतपणे कन्सोल विकत नाही. इथे येणारा प्रत्येक पीस कोणीतरी बाहेरून आणलेला असतो. ४५० डॉलरला ८६ ने (एप्रिल २०२५ चा साधारण दर) गुणलं तर साधारण ३८,७०० रुपये होतात, पण त्या भावात तो तुमच्या हातात पडणार नाही. त्यावर ड्युटी, वाहतूक, आणणाऱ्याचा नफा, दुकानदाराचा नफा. शिवाय पहिल्या महिन्यात घाईचे पैसे. मागच्या कन्सोलांच्या वेळी पहिल्या लॉटवर दहा-पंधरा हजार चढलेले मी डोळ्यांनी बघितले आहेत.

आणि खरा खर्च यंत्राचा नाहीच, गेम्सचा आहे. ८० डॉलरचा एक गेम म्हणजे आपले ६,९०० रुपये. तुमची दीड वर्षाची बचत साडेसहा गेम्समध्ये संपते. शिवाय निन्टेंडोच्या स्वतःच्या गेम्सचे भाव वर्षानुवर्षं फारसे उतरत नाहीत. म्हणून ८० डॉलरवर जे बोलतायत त्यांचं म्हणणं मी ४५० वर बोलणाऱ्यांपेक्षा जास्त मनावर घेतो. यंत्राचे पैसे एकदाच जातात. गेमचे दर दोन-तीन महिन्यांनी जातात.

पारोळ्याचे एक काका मुलासोबत आले होते. कन्सोलचा भाव ऐकून त्यांनी मला सरळ विचारलं, "इतला पैसा कसाले?" मी त्यांना मुलाने वहीत लिहून आणलेली गेम्सची यादी वाचून दाखवली, प्रत्येक नावापुढे रुपये मांडले, खाली बेरीज केली. यादीची बेरीज यंत्रापेक्षा मोठी निघाली. मुलाने स्वतःच पेन घेतलं आणि पाच नावं खोडली. तुम्हीसुद्धा ॲडव्हान्स देण्याआधी एका कागदावर हे करा. पहिल्या वर्षात खरोखर खेळाल असे गेम किती, तेवढेच लिहा.

'थांबलो तर स्वस्त होईल का?' हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. पूर्वी मी डोळे मिटून 'हो' म्हणायचो. २०११ मध्ये निन्टेंडोने ३डीएस हा हातातला कन्सोल २४९.९९ डॉलरला आणला आणि पाच-सहा महिन्यांतच १६९.९९ वर आणला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांना भरपाई म्हणून वीस जुने गेम फुकट दिले. आता ते दिवस राहिले नाहीत. पीएस फाइव्ह आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० ला आला आणि पुढच्या वर्षी ५४,९९० झाला. जुना होत गेला तसा महागला! त्यामुळे कंपनीची किंमत उतरेल या आशेवर थांबू नका. आपल्याकडे उतरतो तो पहिल्या गर्दीचा चढा भाव, आणि तेवढ्यासाठी तीन-चार महिने थांबणं परवडतं.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तक्रार. ती किमतीएवढी गाजत नाहीये, पण आपल्या भागासाठी तीच मोठी आहे. स्विच २ चे काही गेम 'गेम-की कार्ड' म्हणून येणार आहेत. डबी तीच, कार्ड तसंच दिसणार, पण कार्डात गेम नाही, फक्त किल्ली आहे. पहिल्यांदा लावलं की अख्खा गेम नेटवरून उतरवून घ्यायचा, आणि नंतरही खेळताना कार्ड आत हवंच. यावर परदेशातले संग्रह करणारे लोक रागावलेत, कारण कंपनीचा सर्व्हर उद्या बंद झाला तर डबी म्हणजे शोभेची वस्तू. तो राग रास्त आहे. पण तुमच्या गावात हा प्रश्न वीस वर्षांनंतरचा नाही, पहिल्याच दिवसाचा आहे. मोबाईलचं नेट दिवसाला दीड-दोन जीबी मिळतं. पन्नास-साठ जीबीचा गेम उतरवायला महिना जाईल, नाहीतर यंत्र घेऊन अमळनेरला मित्राच्या घरी रात्रभर मुक्काम.

एक दिलासा आहे. किल्लीचं कार्ड खात्याला बांधलेलं नसतं, म्हणून खेळून झाल्यावर विकता येतं. नुसता डाउनलोड कोड असेल तर तेही नाही. आणि सगळेच गेम असे नाहीत. सायबरपंक २०७७ सारखा प्रचंड गेम ६४ जीबीच्या कार्डावर पूर्ण येतोय. किल्लीचं कार्ड असलं की डबीच्या पुढच्या बाजूला खाली तशी पट्टी छापलेली असते. घेताना ती पट्टी बघा, दुकानदार सांगेल यावर राहू नका.

असा, विकत घेतलेल्या गेमवरच्या हक्काबद्दलचा राग मी गंभीरपणे घेतो, त्याला एक कारण आहे. २०१३ च्या २१ मे ला मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन हा कन्सोल जाहीर झाला. त्यात चोवीस तासांतून एकदा नेटला जोडणं सक्तीचं होतं आणि जुने गेम विकण्या-देण्यावर बंधनं होती. लोक असे खवळले की १९ जूनला, म्हणजे महिना भरायच्या आत, मायक्रोसॉफ्टने दोन्ही गोष्टी मागे घेतल्या. तेव्हा माझ्या पार्लरमध्ये पोरं आपसांत सीडी बदलूनच खेळायची. दहा जण दहा सीडी घेत, आणि वर्षभर शंभर वेळा अदलाबदल होई. ते नियम राहिले असते तर जळगावातल्या निम्म्या पोरांचं खेळणं थांबलं असतं. म्हणून सांगतो, लोक चिडतात तेव्हा नुसतं रडगाणं म्हणून सोडून देऊ नये. किमतीवर ओरडून फारसं काही हलत नाही. हक्कावर ओरडलं तर कधी कधी हलतं.

याच्या उलट बाजूचं उदाहरण पीएस फाइव्ह प्रोचं. १० सप्टेंबर २०२४ ला घोषणा झाली, ६९९.९९ डॉलर, आणि त्यात सीडी घालायची सोयसुद्धा नाही. आमच्याकडे आठवडाभर त्यावर वाद. दोन पोरं तर एकमेकांशी बोलेनात! नंतर कळलं की तो भारतात येणारच नाही, कारण त्यातल्या वाय-फाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा आपल्याकडे तेव्हा खुला नव्हता. ज्या यंत्राला आपल्या देशात परवानगीच नव्हती त्याच्या किमतीवर आपण भांडत बसलो होतो. तेव्हापासून मी कोणत्याही घोषणेनंतर पहिला प्रश्न हा विचारतो की हे इथे येणार कसं, आणि बिघडलं तर जाणार कुठे.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगतो. पडदा ओएलईडी नाही, एलसीडी आहे. ज्याने २०२१ चा ओएलईडी स्विच वापरलाय त्याला काळा रंग फिकट वाटेल, तुम्ही मोबाईलवरून येताय, तुम्हाला पडदा मोठा आणि छानच वाटेल. यंत्राची ओळख करून देणारा 'वेलकम टूर' फुकट द्यायचा सोडून विकतायत. नका घेऊ, काही अडत नाही. आतली साठवण २५६ जीबी आहे आणि वाढवायची तर मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं, जुन्या कार्डावर गेम ठेवता येत नाहीत. हे मात्र खर्चाच्या कागदावर लिहा. पहिल्या स्विचचे बहुतेक गेम यावर चालतात, ही मोठी जमेची बाजू आहे आणि सेकंडहँड कार्डं आपल्याकडे मिळतात.

इथवरचं एवढं लक्षात ठेवा: यंत्राच्या किमतीवरचा गोंगाट बाजूला ठेवायचा, गेमच्या किमतीचा हिशोब मांडायचा, किल्लीच्या कार्डाची पट्टी तपासायची. पुढचं जे आहे ते परदेशातला कोणीही व्हिडिओत सांगणार नाही, कारण तो खान्देशात राहत नाही.

पहिलं म्हणजे लाईट. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात, पण तुमच्या प्रश्नातली माझ्यासाठी सगळ्यात वजनदार गोष्ट तीच आहे. टीव्हीखाली बसणारा कन्सोल लाईट गेली की मेला. गेम चालू असताना वरचेवर असं झालं तर आतल्या साठवणीची वाट लागते, दुरुस्तीला येणाऱ्या पीसमध्ये हे कारण कायम असतं. हातातल्या कन्सोलला बॅटरी असते. स्विच २ ची बॅटरी कंपनी २ ते ६.५ तास सांगते. जड गेमला दोन तासच धरा. जुन्या स्विचची सुधारित आवृत्ती यापेक्षा जास्त टिकते, म्हणून परदेशात लोक नाक मुरडतायत. पण दुपारी दोन ते चार तुमच्याकडे लाईट नसताना बहीण-भाऊ मारिओ कार्ट खेळू शकतात, ही सोय त्यांच्या हिशोबात येतच नाही. आपल्या हिशोबात ती पहिली यायला हवी.

दुसरं ऊन. बहुतेक कन्सोलच्या माहितीपत्रकात वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, आणि पत्र्याच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. स्विच २ च्या डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, पंखा दिलाय ही चांगली गोष्ट आहे, पण पंखा खोलीतलीच गरम हवा फिरवणार. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस पडायच्या आधी, नवं कोरं यंत्र तासन्‌तास डॉकमध्ये ठेवून खेळायला मी माझ्या घरातसुद्धा देणार नाही.

तिसरी धूळ. गेल्या हंगामात चोपड्याहून एक कन्सोल आला. कोणत्या कंपनीचा ते महत्त्वाचं नाही, दोष तिचा नव्हता. तक्रार अशी, की वीस मिनिटांत गरम होऊन बंद पडतो. उघडला तर पंख्याच्या पात्यांमागे जाळी दिसेना. पांढरट करडा नमदाच बसला होता, बोटाने उचलला तर टोपीसारखा अख्खा निघून आला. मी विचारलं, घर कुठे? तर जिनिंगच्या मागच्या गल्लीत. चार महिने हवेत उडालेला कापसाचा तूस यंत्राने आत ओढला होता. साफ केला, पेस्ट बदलली, आजही चालतो. त्या मुलाने घ्यायच्या आधी पन्नास व्हिडिओ बघितले होते. पंखा दर दोन महिन्यांनी ब्रशने झाडायचा, हे एकातही नव्हतं.

आणि याच धुळीशी जोडलेली चौथी गोष्ट, स्टिकची, म्हणजे रिमोटवरच्या अंगठ्याने फिरवायच्या दांडीची. पहिल्या स्विचच्या जॉय-कॉनमध्ये स्टिक आपोआप सरकण्याचा, म्हणजे ड्रिफ्टचा दोष जगजाहीर आहे. अमेरिकेत त्यावर खटले झाले आणि २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी ग्राहकांची माफी मागितली. स्विच २ च्या स्टिक नव्याने बनवल्यात, पण त्या हॉल इफेक्ट प्रकारच्या (चुंबकावर चालणाऱ्या) नाहीत, हे कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये सांगितलंय. यावर लोक नाराज आहेत आणि इथे मी नाराजांच्या बाजूने उभा आहे.

नाराजी का, ते समजून घ्या. नेहमीची स्टिक उघडली की आत कार्बनची काळी पट्टी दिसते. तिच्यावरून धातूची एक बारीक जीभ सरकते, आणि ती कुठे टेकलीय त्यावरून यंत्राला कळतं की तुम्ही किती वळलात. घासून घासून पट्टीवर चर पडतो, काळी भुकटी जिभेखाली साठते, त्यात आपली धूळ मिसळते. मग तुम्ही हात काढला तरी गाडी डावीकडेच वळते. मी सगळ्या कंपन्यांच्या स्टिक उघडल्यात, सगळीकडे हाच आजार. हॉल इफेक्टमध्ये चुंबक असतो, घासायला काही नसतंच. नव्या स्टिक किती टिकतील ते पहिली दिवाळी उलटल्यावरच दिसेल, कारण हा दोष पहिल्या आठवड्यात कधीच दिसत नाही. आणि वॉरंटी इथे चालत नसल्यामुळे दुरुस्ती तुमच्याच खिशातून. थांबा म्हणण्यामागे माझं सगळ्यात मोठं कारण हे आहे.

आता त्या ॲडव्हान्सबद्दल. तुम्हाला सांगितलेला भाव फार कमी असेल तर एक गोष्ट नक्की विचारा: पीस जपानी भाषेचा आहे का? जपानमध्ये दोन प्रकार निघतायत. एक फक्त जपानी भाषेचा, ४९,९८० येनला, म्हणजे आपले साधारण तीस हजार. दुसरा सर्व भाषांचा, ६९,९८० येनला. स्वस्त प्रकारात भाषा बदलता येत नाही आणि जपानच्या बाहेरचं खातं जोडता येत नाही. असे पीस आपल्याकडे येणार, याबद्दल मला शंका नाही. तुमच्या बहिणीला मेन्यू वाचता आला नाही तर तीस हजार पाण्यात. दुकानदाराकडून 'सर्व भाषांचा पीस' असं बिलावर लिहून घ्या. तो लिहून देत नसेल तर ॲडव्हान्स देऊ नका. आणि बिलच देत नसेल तर बोलणंच थांबवा. माझ्या एका गिऱ्हाइकाने मागे एका मोठ्या शहरातल्या दुकानात वीस हजार भरले, पीस साडेतीन महिन्यांनी आला, तोही सील फोडलेला. हातात बिल नव्हतं, मग भांडणार कशावर?

माझा सल्ला काही गोष्टींवर अवलंबून आहे, त्या तुम्हीच तपासा. तुम्हाला मुख्यतः फुटबॉल-क्रिकेट खेळायचं असेल तर स्विच २ साठी घाई करण्यात अर्थ नाही. त्या खेळांचं जग टीव्हीच्या कन्सोलवर मोठं आहे, आणि मग इन्व्हर्टरचा खर्च आधी धरा. तुमच्याकडे पहिल्या स्विचची कार्डं आधीपासून असतील तर स्विच २ घेणं सोपं होतं. पण तुम्ही लिहिलंय, मी आणि धाकटी बहीण. दोघांनी एकाच पडद्यासमोर शेजारी बसून खेळण्यात निन्टेंडोचा हात धरणारं मला तरी कोणी दिसलं नाही. एकाच यंत्रासोबत दोन जॉय-कॉन येतात, दुसरा रिमोट विकत घ्यावा लागत नाही. रावेरच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा परवा वडिलांसोबत आला आणि मलाच 'डाँकी काँग बनान्झा'चा ट्रेलर दाखवत बसला. माकड जमीन फोडून सोनेरी केळी काढतं. त्याला ना डॉलर माहीत, ना हर्ट्झ. "काका, याच्यात आपल्यासारखी केळी आहेत," एवढं म्हणाला आणि परत पहिल्यापासून लावला. ती पण एक प्रतिक्रिया आहे, आणि मी तिला चॅटमधल्या ओरड्याइतकाच मान देतो. तो गेम १७ जुलै २०२५ ला येतोय.

म्हणून तुमच्यासाठी मी हे ठरवेन. मुंबईला ॲडव्हान्स देऊ नका. जून-जुलै जाऊ द्या. दिवाळीनंतर पहिला चढा भाव उतरेल, स्टिकचं खरं रूप बाहेर येईल, सेकंडहँड कार्डं फिरायला लागतील. तोवर थांबवत नसेल तर ४५ हजारांतले पंधरा-वीस घालून पहिला स्विच चांगल्या स्थितीतला घ्या. त्याच्या सुधारित आवृत्तीची बॅटरी जास्त टिकते, गेम स्वस्त मिळतात आणि त्यातली बहुतेक कार्डं उद्या स्विच २ वर चालतील. घेताना सेटिंगमध्ये जाऊन स्टिकचं कॅलिब्रेशन उघडा, बोट काढा आणि मधला ठिपका हलतो का ते पूर्ण एक मिनिट बघा. हलला तर भाव पाडा किंवा सोडून द्या.

आणि एखाद्या रविवारी बहिणीला घेऊन जळगावला या. अमळनेरहून गाडीने तास-दीड तासाचा तर प्रवास. माझ्याकडे पहिला स्विच आणि मारिओ कार्ट ८ लावलेला आहे, दोघं तासभर खेळा, पैसे नाहीत. फक्त दुपारी बारा ते चार टाळा. पंधरा जूनपर्यंत त्या वेळेत मी कोणतंच यंत्र चालू करत नाही.